कोटाचं दुसरं बटण

सातारा
३ डिसेंबर १९७४

शृंगविद्याविशारद, सांगली-प्रदर्शन-मंडपभूषण सौ. हरणाबाई यांसी, सातारा मुक्कामी असलेल्या त्यांच्या नवऱ्याचे सविनय निवेदन.

विषय : बटण.

काल सकाळी प्रार्थनेची घंटा होत असता माझ्या काळ्या कोटाचं वरून दुसरं बटण गेलं. पहिलं आहे, तिसरं आहे, चौथं आहे. मधे वारा आहे. नववीच्या वर्गात मी नेमका लोप शिकवत होतो. लोप म्हणजे जे असायला हवं ते न दिसणं. मुलं फळ्याकडे न बघता माझ्या छातीकडे बघत होती, आणि सगळ्या वर्गाला लोप कळला. इतकं चोख उदाहरण मला आजवरच्या नोकरीत सापडलं नव्हतं. तरीही विद्येसाठी माणसानं किती सोसावं याला मर्यादा आहे. साताऱ्याची थंडी तुला ठाऊक आहे. ती अजिंक्यताऱ्यावरून उतरते आणि बरोबर दुसऱ्या बटणाच्या जागी शिरते.

सध्या तिथं सेफ्टी पिन लावली आहे. मुख्याध्यापकांनी ती पाहिली, चष्मा पुसून पुन्हा पाहिली आणि म्हणाले, "मास्तर, वहिनींची बटणं सांगलीच्या प्रदर्शनात गाजतायत म्हणे!" मी म्हणालो, "हो, म्हणूनच इथं शिल्लक नाहीत." शिक्षकांच्या खोलीत हशा झाला. मीही हसलो, कारण न हसणं वाईट दिसलं असतं.

तू आठ दिवसांचं बोलून गेली होतीस. तुझी बहीण सुलाबाई विश्रामबागेत राहते हे प्रदर्शनवाल्यांना कुणी सांगितलं देव जाणे. उतरायची सोय आहे म्हटल्यावर त्यांनी दिवस वाढवले असणार. जाताना तू गिरमिट नेलंस, करवत नेलीस, सगळ्या कानशी नेल्यास आणि मेंढ्याच्या शिंगांचं अख्खं पोतं नेलंस. आठ दिवसांसाठी कुणी पोतं नेत नाही. हे तेव्हाच माझ्या लक्षात यायला हवं होतं. पण तेव्हा मी ते पोतं एस.टी.च्या टपावर चढवण्यात गुंतलो होतो.

जेवण खानावळीत. आमटीविषयी लिहीत नाही. जिच्यात काहीच नाही तिच्याबद्दल काय लिहावं.

बटणाचा विचार व्हावा. ते लावायला माणूस केव्हा येणार, एवढंच कळावं.

तुझा,
तीनबटणी अर्जुन


सांगली
८ डिसेंबर १९७४

मास्तरांना हरणाचा नमस्कार.

पत्र पोचलं. सुलीनं वाचलं, तिच्या नवऱ्यानं बी वाचलं, लय हसले. मला लिव्हायला तुमीच शिकवलं, तवा आता जसं येतंय तसं वाचायचं. तांबडी रेघ मारून परत धाडायचं न्हाई. मागं एकदा धाडलं हुतं, माझ्या ध्यानात हाय.

बटान पडलं म्हंता, ते काय मला पटंना. मी लावलेलं बटान पडत न्हाई. कापड फाटंल, बटान फुटंल, पर दोरा सुटायचा न्हाई. शाळंत बाकांखाली बगा. न्हाईच घावलं तर खिडकीतल्या डब्यात सुटी बटनं हाईत, त्यातलं एक घिऊन टेलरकडं जावा. पिन लावून फिरायला तुमी काय ल्हान हाय?

प्रदर्शन संक्रांतीपत्तूर वाढलं. मी न्हाई वाढवलं. बाया येत्यात, बटान उचलत्यात, उजेडाला धरत्यात. शिंगातनं उजेड दिसतो ह्याचं त्यांना लय नवल. एक बाई म्हनली, "ह्यात ढग हाय हो!" दुसरी म्हनली, "बाई, दोन बटनं एकासारकी का न्हाईत?" मी म्हनलं, "दोन मेंढरं तरी एकासारकी असत्यात का?" तिनं मूठभर घेतली. काल पोलक्याला लावायला म्हनून तांबूस शिंगाची बारीक बटनं केली, ती सांजंला एक उरलं न्हाई. सुलीच्या परसात चूल मांडलीया. शिंग गरम करायचं, फळ्यांत दाबायचं, कापायचं, सगळं तितंच. शेजारीन वासानं नाक दाबती. तुमची आठवन हुती.

माझ्या शेजारला जतकडचा नानासो हवालदार हाय. फौजेतनं सुटून आलाय, घोंगड्यांचं दुकान लावलंय. आमच्याच गावचा निघाला. कानडीत असं काय काय बोलतो की हसून हसून हात हालतो. परवा एका बटनाला माझ्या हातनं तीन भोकं पडली. चौथं पाडायला जागाच उरली न्हाई. कोन घेनार ते? ठेवून दिलंय. बिचारा पेटी उचलून देतो, मांडव बांधून देतो, म्हनून दुपारची भाकरी मीच करून न्हेते त्याच्यासाठी.

जपून ऱ्हावा. कोट हिकडं धाडला तरी चालंल.

हरणा


सातारा
१३ डिसेंबर १९७४

सौ. हरणाबाई हीस आशीर्वाद विशेष.

तुझं पत्र चार वेळा वाचलं. तांबडी रेघ मारली नाही. मारायचीच झाली असती तर ती एकाच ओळीखाली मारावी लागली असती, आणि त्या ओळीत व्याकरणाची चूक नाही.

डोंगरावर धूर दिसला की तिथं विस्तव असला पाहिजे, असं आमचं न्यायशास्त्र सांगतं. बटणाला तीन भोकं दिसली की जवळपास हवालदार असला पाहिजे, हे त्याच रीतीनं सिद्ध होतं. तू आजवर इतकी बटणं केलीस. दुष्काळात केलीस, तापात केलीस, पोरीच्या लग्नाच्या धामधुमीत केलीस. तीन भोकं कधी पडल्याचं मला स्मरत नाही. मी इतकी वर्षं शेजारी बसून विनोद करत आलो आहे. माझ्या विनोदानं तुझं गिरमिट तसूभरही हललं नाही, याची नोंद मला आज नव्यानं घ्यावी लागली.

त्या विनोदाचं मराठी रूपांतर पाठवावं. अभ्यासासाठी हवं आहे.

आपला ड्रॉइंग मास्तर ज्योतिबा गेल्या रविवारी सासुरवाडीला सांगलीस गेला होता. तुझ्या मांडवाला भेट देऊन आला. सोमवारी मधल्या सुट्टीत सगळ्यांदेखत म्हणतो, "मास्तर, वहिनी लय खुशीत हाईत बरं का! आन् ते मिशीवाले हवालदार... काय मानूस हो! वहिनींची पेटी अशी खांद्यावर टाकली, जशी काय बंदूकच." मी म्हटलं, "ज्योतिबा, पेटीत बटणं असतात. ती मीही उचलू शकतो." तो म्हणाला, "उचलता हो, पर तुमी लगीच कंबर धरता." या माणसाला मी दोनदा रजेचा अर्ज लिहून दिला आहे.

आता गंभीर गोष्ट. टेलरकडे मी जाणार नाही. त्या कोटाची चारी बटणं एका शिंगातली आहेत. तुझ्या वडिलांचा तो भांडखोर मेंढा, जो मला पहिल्याच भेटीत धोतरासकट ओढ्यात घेऊन गेला, त्याच्या शिंगाची. मला नोकरी लागली तेव्हा तू ती केलीस आणि म्हणालीस, "आता तरी तो तुमच्या ताब्यात ऱ्हाईल." डब्यातलं दुसरं कुठलंही बटण तिथं लावलं तर ते वर्गात दुसऱ्या गावचा पोरगा बसवल्यासारखं दिसेल.

आपण दोघंही मेंढरांच्या मागं वाढलेल्या घरांतले. फरक एवढाच, की माझ्या बापानं लोकर विकायला वाईला नेताना मला तिथल्या शास्त्रीबुवांच्या ओसरीवर ठेवलं आणि मी संस्कृत शिकलो. देवांची भाषा मला येते. माझी बायको ज्या भाषेत हसते ती मात्र येत नाही. तू माहेराहून आलीस की दोन-तीन दिवस झोपेत कानडी बोलायचीस. मी ऐकत पडायचो. तेव्हा कळलं नाही तरी बरं वाटायचं.

घरात शिंगाचा वास राहिलेला नाही. खिडक्या उघड्या ठेवायची गरज उरली नाही, तरी मी ठेवतो.

भाकरी कशाची करतेस त्याच्यासाठी? ज्वारीची, का बाजरीची?

अर्जुन


सांगली
१८ डिसेंबर १९७४

मास्तरांना नमस्कार.

भाकरी ज्वारीची. अजून काय इचारायचं असंल तर सरळ इचारा. डोंगराचा धूर मला कळत न्हाई.

विनोद मराठीत सांगता येत न्हाई. मी सुलीला सांगून बगितलं, तिला बी हसू आलं न्हाई. त्यात एक बोकड हाय आन् एक तहसीलदार हाय, एवढंच सांगते.

आता मी सरळ सांगते. हितलं महिला मंडळ हाय, त्यांच्या बाई रोज मांडवात येऊन माझं काम बगत बसायच्या. त्यांनी इचारलंय, एक वरीस सांगलीत ऱ्हाऊन बायांना ही बटनं करायला शिकवशील का? विश्रामबागंतच एक खोली देत्यात कामाला. शिंगं, हत्यारं त्यांची. वर्सभरात चांगल्या तयार झालेल्या बायांना घिऊन पुन्याच्या, मुंबईच्या प्रदर्शनाला जायचं. संक्रांतीच्या दिशी माझं हो का न्हाई कळवायचं हाय.

मला माझ्या बानं शिकवलं तवा हे काम म्हंजे मेंढरामागं बसल्या बसल्या करायचं काम. त्याला शिकवायचं काय, असं मी बाईंस्नी म्हनलं. त्या म्हनल्या, "तुमच्या हाताला जे कळतं ते तुमच्यासंगं जाऊ द्यायचं का?" मला ते बोलनं लागलं. आपल्या पोरीनं तर शिंगाला हात लावला न्हाई कवा. पर तुमी घरात एकटं. मी हिकडं वरीसभर.

तुमचं काय म्हननं?

हरणा


सातारा
२३ डिसेंबर १९७४

सौ. हरणाबाई यांसी,

तुमचं पत्र मिळालं. महिला मंडळानं तुमच्या गुणांची योग्य ती कदर केली, याबद्दल अभिनंदन. विद्यादानासारखं पुण्य नाही. आपण सुज्ञ आहात, निर्णयाला समर्थ आहात. माझं म्हणणं असण्याचं काही कारण मला दिसत नाही.

इथलं वर्तमान : शनिवारी शाळेचं स्नेहसंमेलन झालं. पाहुण्यांचं स्वागत मी संस्कृतात करायचं, ही प्रथा. कोटाला पिन. "स्वागतम्" म्हणून हात जोडले आणि पिन उघडली. पुढची वाक्यं मी बऱ्याच करुण स्वरात म्हटली. पाहुण्यांचे डोळे पाणावले. आभार मानताना ते म्हणाले की संस्कृतातला करुणरस आपण आज प्रथमच अनुभवला.

त्यांच्या पत्नी नंतर मला शोधत आल्या. मला वाटलं, भाषणाबद्दल बोलतील. त्या म्हणाल्या, "बटणवाल्या बाईंचे मिस्टर तुम्हीच ना? आम्ही सांगलीहून घेतलीत त्यांची." त्यांनी पदर बाजूला करून पोलक्याची बटणं दाखवली. मी पाहिली. छान होती. तांबूस शिंग, बारीक काठ. ती तू कधी केलीस, मला ठाऊक नव्हतं. आपल्या घरातून गेलेली प्रत्येक तऱ्हा मी आधी पाहिलेली असायची. ही एका परक्या बाईच्या अंगावर प्रथम पाहिली.

आठवड्यात तिघीजणी दारावर येऊन गेल्या. "बटणाच्या बाई हाईत का?" मी नाही म्हणालो की त्या मी असूनही परत जातात. पाटीवर माझं नाव आहे. ती पाटी आता नुसती शोभेची आहे.

नाताळाच्या सुट्टीत ज्योतिबा पुन्हा सासुरवाडीला निघाला आहे. हे पत्र आणि कोट त्याच्याबरोबर देतो. सवड झाली तर बघावं, नाहीतर तसाच परत पाठवला तरी चालेल. हवालदारसाहेबांना नमस्कार सांगावा. फौजेत बटणांना चकाकी आणण्याचं काही खास तंत्र असतं असं ऐकतो. त्यांच्याकडून शिकून घेता येईल.

अर्जुन


सांगली
२९ डिसेंबर १९७४

मास्तरांना,

"तुमचं पत्र", "आपण सुज्ञ आहात". तुमी मला आपण म्हनायला लागला म्हंजे कायतरी बिनसलंय. लगीन झालं त्या वर्षी आमटीत मीठ जास्त पडलं तवा एकदा म्हनला हुता.

कोट पोचला. ज्योतिबा भावजी मांडवात घिऊन आले. मी तितंच उलगडून बसले. आता नीट वाचा.

मी बटान कसं लावते ते तुमी शेजारी बसून इतकी वर्सं बगितलं, पर बगितलंच न्हाई. दोऱ्याला मी मेन लावते. बटनाखाली दोऱ्याची मान गुंडाळते आन् गाठ कापडाच्या आतल्या अंगाला मारते. असा दोरा झिजला तर आधी पिंजतो, त्याचं टोक म्हाताऱ्याच्या मिशीगत हुतं. वढून तुटला तर लांब शेपूट ऱ्हातं. तुमच्या कोटावर दुसऱ्या बटनाच्या जागंला दोऱ्याची मान जशीच्या तशी हुबी हाय, आन् वरनं तिरकी छाटलीया. तुमी पेन्सिली तासायला दाढीचं जुनं ब्लेड ठेवता, त्याचं काम. कापडाला बी जरा लागलंय. ब्लेड घसरलं व्हय?

आनी एक. बाच्या मेंढ्याच्या शिंगाचं बटान खरंच पडलं असतं तर तुमी शाळंची फरशी उकरली असती. तीन पत्रं लिव्हली. कुटं सुदिक "शोधलं" असं लिव्हलेलं न्हाई. मला पयल्याच पत्रात शंका आली हुती. म्हनून म्हनलं, कोट धाडा.

मी हसायला लागले. नानासोनं इचारलं, काय झालं? म्हनलं, काय न्हाई. मंग माझं हसू गेलं.

आता नानासोचं ऐका. त्याची बायको चंद्राबाई म्हंजे माझी ल्हानपनची चंद्री. दोघी एका खांडात मेंढरं राखायचो. ती मिरजंला दवाखान्यात हाय दोन महिने. पोटाचं आपरेशन झालंय. त्यो दिसभर घोंगडी इकतो आन् सांजंला डबा घिऊन तिच्याकडं जातो. दुपारी मी करते त्या भाकरीतली निम्मी तिची. तिला दुसऱ्या कुनाच्या हातचं गिळवंना झालंय. बोकडाचा विनोद तिनंच त्याला सांगून धाडला हुता, हरणीला सांग म्हनून. रोज दुपारी त्यो मला इचारतो, "ऊटा आय्ता?" म्हंजे जेवलीस का. त्यो विनोद आन् हे इचारनं, तेवढीच काय ती आमची कानडी. तुमी इचारलं असतं, "हरणा, हा मानूस कोन?" तर मी सगळं सांगितलं असतं. तुमी इचारलं, भाकरी ज्वारीची का बाजरीची.

मी तुमाला सरळ इचारलं हुतं, तुमचं काय म्हननं. तुमी 'नगं' म्हनला असता तर मी भांडले असते, रडले असते, आन् कदाचित आले बी असते. 'ऱ्हा' म्हनला असता तर आनंदानं ऱ्हायले असते. तुमी बटान कापलं.

हे पत्र टपालानं टाकते, कोट मागनं ज्योतिबा भावजींसंगं परत धाडते. बाकीची तीन बटनं पक्की करून दिल्यात. दुसऱ्याची जागा तशीच ठेवलीया. त्या जागंला लावायचं बटान माझ्यापाशी न्हाई. ते तुमच्यापाशी हाय.

बाईंस्नी अजून काय सांगितलं न्हाई. संक्रांतीला सांगायचंय.

हरणा


सातारा
७ जानेवारी १९७५

हरणा,

या पत्राच्या आधी चार पत्रं लिहून फाडली. पहिल्यात सगळा दोष ब्लेडचा होता. दुसऱ्यात मी तुला रागावलो होतो. तिसऱ्यात इतके समास पडले की ते मलाच कळेना. चौथं बरं होतं, पण त्यात विनोद होते. हे पाचवं.

बटण मी कापलं. पहिल्या पत्राआधीच्या रविवारी सकाळी, चहा झाल्यावर, खिडकीशी बसून. कोट थंडीसाठी बाहेर काढला होता. हात लावून पाहिलं तर चारी बटणं घट्ट. एखादं तरी सैल असेल, म्हणजे तुला तसं कळवता येईल, असं वाटलं होतं. एकही नव्हतं. तू नसताना इथं काही सैल पडलं आहे, याचा पुरावाच मिळेना. मग मी तो तयार केला. ब्लेड घसरलं, हे तू बरोबर ओळखलंस.

बटण तेव्हापासून सदऱ्याच्या खिशात आहे. शाळेत शिकवताना त्याच्यावर बोट फिरवायची सवय लागली आहे.

चंद्राबाईंचं वाचलं आणि मान खाली गेली. नानासोंना माझा नमस्कार सांग. या वेळचा नमस्कार खरा आहे. त्यांचं कळल्यावर माझ्या पोटातली आग विझेल असं वाटलं होतं, पण ती विझली नाही, हेही सांगून टाकतो. हवालदाराचा हेवा करणं मला सोपं होतं. त्याला मिशा होत्या. तो गेल्यावर कुणाचा करायचा, असा प्रश्न पडला, आणि मग कळलं की मला त्या सगळ्या बायकांचा हेवा वाटतो. ढग आहे म्हणणारीचा, मूठभर घेणारीचा, पाहुण्यांच्या त्या पत्नीचा. मंडळाच्या बाईंचा सगळ्यात जास्त, कारण त्या रोज येऊन तुझं काम बघत बसतात. आणि तुझाही हेवा वाटतो. मी आयुष्यभर जे शिकवलं ते घेऊन कुणी उजेडाला धरल्याचं मला आठवत नाही. पोरं पास होतात आणि रूपं विसरतात.

सोमवारी सकाळी खिडकीतला डबा काढला. एक बटण घेतलं आणि उन्हाला धरलं. खरंच ढग आहे. कडेला पातळ, मधे दाट. ज्योतिबा कोट घेऊन आला तेव्हा मी तसाच बसलेलो होतो. म्हणाला, "मास्तर, काय ग्रहण बगताय का?" मी त्याच्याही हातात एक दिलं. तो ते बोटांत फिरवत राहिला. तो ड्रॉइंग मास्तर आहे. त्याला माझ्याआधी दिसायला हवं होतं, असं मी त्याला सुनावलं. तो म्हणाला, "मला दिसलं हुतं हो. मांडवात गेलो तवाच. तुमाला वहिनींनी दाखवलं असंल, असं वाटलं."

पोवई नाक्याच्या उडप्याकडे चार दिवस चहाला जातो आहे. त्याला म्हटलं, मला थोडी कानडी शिकव. त्यानं विचारलं, "कशाला, मास्तर?" मी म्हटलं, "घरी लागते." 'ऊटा आय्ता' चा उच्चार त्यानं माझ्याकडून पुष्कळदा घोटून घेतला, शास्त्रीबुवांनीसुद्धा इतका छळ केला नव्हता. आता बरा जमतो. पण ते वाक्य दुपारच्या वेळी, समोर माणूस असताना विचारायचं असतं. इथं मी ते कपाटाला विचारतो.

तू सरळ विचारलंस, तर सरळ सांगतो. मंडळाला हो म्हण. माझ्यासाठी परत येऊ नकोस, असं मी म्हणत नाही, कारण ते खोटं होईल. आलीस तर मला आवडेल. पण तुझ्या हाताला जे कळतं ते मागं राहायला हवं. तुझं पत्र वाचताना, मधे मधे मला राग येत असतानाही, मला हे कळत होतं.

रविवारी सकाळच्या एस.टी.नं येतो. कोट अंगात असेल, तिळगुळाची पुडी पिशवीत, बटण खिशात. मेण लावून, मान गुंडाळून, तुझ्या रीतीनं लाव. या वेळी मी शेजारी बसून नीट बघणार आहे.

काळजी मला एकाच गोष्टीची वाटते, हरणा. बटण लावून होईल, तू दोरा दातानं तोडशील, कोट माझ्या हातात देशील, आणि मांडवात बायका वाट बघत असतील म्हणून घाईघाईनं विचारशील, "परतीची गाडी कवा हाय तुमची?"

अर्जुन